आठवणींचा हिशेब : नैराश्यावरचा विजेचा उपचार आणि विस्मरणाचा इतिहास

१/
सप्टेंबर १९७४. ‘द न्यू यॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकात बर्टन रूशे यांचा एक दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. लेखातील स्त्रीचे नाव बदललेले होते. वॉशिंग्टनमध्ये सरकारी सेवेत असलेली ही अर्थतज्ज्ञ तीव्र नैराश्यासाठी रुग्णालयात दाखल झाली, तिच्यावर विजेच्या झटक्यांचे उपचार झाले आणि ती बरी होऊन घरी आली. पुन्हा कामावर रुजू झाल्यावर मात्र तिच्या ध्यानात आले, की अनेक वर्षांच्या नोकरीत कमावलेले ज्ञान जागेवर नाही. ज्या विषयात तिचा शब्द प्रमाण मानला जाई, तो विषयच तिला परका झाला होता.

२/
या स्त्रीचे खरे नाव मॅरिलिन राइस. अशी तक्रार करणाऱ्या रुग्णाला त्या काळात ठरलेले उत्तर मिळे : विस्मरण तात्पुरते असते, काही आठवड्यांत स्मृती पूर्ववत होते. राइस यांनी उरलेले आयुष्य या उत्तराचा आधार शोधण्यात घालवले. स्मृती परत येते, हे कोणी मोजले? काय विचारून मोजले? या धाग्यात याच प्रश्नाचा इतिहास पाहायचा आहे. उपचार गुणकारी आहे की नाही, यावरचे वाद सर्वांना ठाऊक असतात. विस्मरण कसे मोजले गेले, ही कथा त्यामानाने फारशी सांगितली जात नाही.

३/
प्रारंभ बुडापेस्टमध्ये होतो. लाडिस्लास मेदुना या हंगेरियन डॉक्टरांची धारणा अशी होती, की अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया हे परस्परविरोधी आजार असून एक असला की दुसरा मागे हटतो. ही धारणा पुढे टिकली नाही, पण तिच्या बळावर जानेवारी १९३४ मध्ये त्यांनी एका रुग्णाला कापराचे इंजेक्शन देऊन मुद्दाम आकडी आणली. पुढे कापराऐवजी मेट्राझोल हे रसायन वापरात आले. त्यात एक भयंकर अडचण होती. इंजेक्शन आणि आकडी यांच्यामधल्या काही क्षणांत रुग्ण शुद्धीवर असे आणि त्याला मृत्युभयाने ग्रासलेले असे. एकदा हा अनुभव घेतलेला रुग्ण दुसऱ्या खेपेस जीव खाऊन विरोध करी.

४/
रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि त्यांचे सहकारी लुचिओ बिनी आकडी आणण्यासाठी वीज वापरता येईल का, याचा शोध घेत होते. कुत्र्यांवरील आरंभीच्या प्रयोगांत प्रवाह हृदयातून जाई आणि पुष्कळ कुत्री दगावत. शहराच्या कत्तलखान्यात डुकरांना कापण्यापूर्वी विजेचा झटका देतात, असे चेर्लेत्ती यांच्या कानावर आले. तेथे जाऊन पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आले, की विजेने डुकरे मरत नाहीत. दोन्ही कानशिलांवर विद्युतस्पर्शक ठेवले तर प्राण्याला केवळ आकडी येते आणि तो काही वेळाने उठतो. माणसावर प्रयोग करण्याचे धाडस या निरीक्षणातून आले.

५/
पहिला प्रयोग एप्रिल १९३८ मध्ये झाला. रेल्वे स्थानकावर असंबद्ध बोलत भटकणाऱ्या एका माणसाला पोलिसांनी रुग्णालयात पाठवले होते. चेर्लेत्ती यांनी पुढे लिहिलेल्या वृत्तान्तानुसार पहिला झटका अपुरा पडला. डॉक्टर दुसऱ्या झटक्याविषयी बोलत असताना आतापर्यंत असंबद्ध बोलणारा तो माणूस स्पष्ट शब्दांत म्हणाला, की पुन्हा करू नका. डॉक्टरांनी पुन्हा केले आणि आकडी आली. या उपचाराच्या इतिहासातील रुग्णाचे पहिले नोंदलेले वाक्य असे नकाराचे होते. ते लिहून ठेवले गेले, पण मानले गेले नाही.

६/
या पद्धतीचा एक मोठा गुण म्हणून जे सांगितले गेले, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. विजेच्या झटक्याने शुद्ध तत्क्षणी हरपे आणि झटक्याची आठवणच राहत नसे. मेट्राझोलची दहशत येथे नव्हती. विस्मरणाने या उपचारात प्रवेश केला तो सोय म्हणून. १९४० च्या दशकात अब्राहम मायरसन यांच्यासारखे नामवंत मनोविकारतज्ज्ञ तर स्मृतीतील बिघाड हाच बरे होण्याच्या प्रक्रियेचा भाग असावा, असे मानत. दुःखाचे कारणच विसरले, तर दुःख कमी होईल, असा हा विचार होता. अशा वातावरणात विस्मरणाला हानी कोण म्हणणार?

७/
तरीही हा उपचार जगभर का पसरला, हे समजून घेतले पाहिजे. तो मुळात स्किझोफ्रेनियासाठी योजला होता, पण काही वर्षांतच डॉक्टरांना दिसले, की खरा गुण तीव्र नैराश्यात येतो. अन्नपाणी सोडलेली, अंथरुणाला खिळलेली, मृत्यूची वाट पाहणारी माणसे काही आठवड्यांत उठून जेवू लागत. नैराश्यावरची गोळी तेव्हा अस्तित्वात नव्हती. पहिली औषधे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. पुढे नियंत्रित चाचण्यांनीही या अनुभवाला आधार दिला. २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटिश आढाव्यात केवळ भूल दिलेल्या रुग्णांशी तुलना करणाऱ्या ६ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा खरा उपचार स्पष्टपणे सरस ठरला.

८/
आरंभीच्या काळात डॉक्टरांनी ज्या हानीची दखल घेतली, ती हाडांची. भूल न देता आणलेल्या आकडीत स्नायू इतक्या जोराने आखडत, की पाठीचे मणके पिचत, क्वचित मांडीचे हाड मोडे. क्ष-किरणांच्या चित्रात ते दिसे आणि दिसणाऱ्या गोष्टीवर उपाय शोधला जातो. १९४० मध्ये अमेरिकेतील ए. ई. बेनेट यांनी क्युरारे हे स्नायू शिथिल करणारे द्रव्य वापरून पाहिले. १९५० च्या दशकारंभी स्वीडनमधून सक्सामिथोनियम हे अधिक सुरक्षित औषध आले. भूल आणि शिथिलक यांसह दिलेल्या उपचाराला ‘सुधारित’ आणि त्यांविना दिलेल्याला ‘असुधारित’ म्हणण्याची रीत पडली.

९/
याच हाडांवरून एक खटला झाला आणि त्याने निम्म्या जगाचा वैद्यकीय कायदा घडवला. जॉन बोलम हे नैराश्याचे रुग्ण १९५४ मध्ये लंडनच्या फ्रायर्न रुग्णालयात होते. शिथिलक न देता झटका दिल्याने त्यांच्या खुब्याच्या सांध्यांची हाडे मोडली. हाडे मोडण्याचा धोका त्यांना आधी सांगितलेला नव्हता. १९५७ मध्ये निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला. जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला मान्य असलेल्या पद्धतीने डॉक्टर वागला असेल, तर तो निष्काळजी ठरत नाही, हे ते सूत्र. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात याच ‘बोलम कसोटी’चा आधार घेतला.

१०/
बोलम कसोटीचा एक अर्थ असा, की धोका किती मोठा आणि तो सांगण्याजोगा आहे की नाही, हे डॉक्टरांच्या वर्तुळानेच ठरवायचे. रुग्णाला काय महत्त्वाचे वाटते, हा प्रश्न त्या मापात येत नाही. स्मृतीच्या बाबतीत नेमके हेच झाले, आणि तेथे तर क्ष-किरणांचे चित्रही नव्हते. मोडलेला सांधा डॉक्टरांना दाखवता येतो. गेलेली आठवण कशी दाखवणार? जे आठवतच नाही, त्याची यादी रुग्णाने करायची तरी कशी?

११/
या पेचातून सुटण्याची साधी वाट एका तरुण मानसशास्त्रज्ञाने फार लवकर शोधली होती. त्याचे नाव अर्व्हिंग जेनिस. पुढे ‘ग्रुपथिंक’ म्हणजे समूहाच्या एकसुरी विचारपद्धतीवरील लेखनामुळे ते जगप्रसिद्ध झाले. त्यांचे हे आधीचे काम मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी उपचार सुरू होण्यापूर्वीच रुग्णांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. शाळा कोणती, नोकऱ्या कोणत्या, घरात काय घडले, आजार कसा सुरू झाला, असे सारे विचारून लिहून घेतले. उपचार संपल्यानंतर सुमारे ४ आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले.

१२/
जेनिस यांच्याकडे उपचार झालेले १९ रुग्ण होते, आणि तुलनेसाठी हा उपचार न झालेले ११. तुलनेची गरज उघड आहे : महिन्याभराने तीच हकीकत सांगताना कोणाच्याही तपशिलात थोडा फरक पडतोच. उपचार न झालेल्यांच्या सांगण्यात किरकोळच फरक पडला. झटके घेतलेल्या १९ च्या १९ जणांच्या आयुष्यकथेत मात्र ठळक पोकळ्या आढळल्या. पूर्वी स्वतःहून सविस्तर सांगितलेले प्रसंग आता आठवण करून दिली तरी येत नव्हते. रुग्णाने यादी करण्याची गरज उरली नव्हती, कारण यादी उपचारापूर्वीच तयार होती.

१३/
हे काम पुढची काही दशके जवळजवळ अडगळीत पडले. रुग्णालयांत स्मृती तपासली जाई, पण वेगळ्या रीतीने. १९४५ मध्ये डेव्हिड वेक्स्लर यांची स्मृतिचाचणी आली होती. एक छोटी गोष्ट वाचून दाखवायची आणि ती परत सांगायला लावायची. शब्दांच्या जोड्या शिकवायच्या आणि मग विचारायच्या. चाचणी सोपी आणि थोडक्या वेळात होणारी, आणि गुण आकड्यांत मिळत. पण तिच्याने मोजली जाते ती नवे शिकण्याची क्षमता. झटक्यांनंतर ही क्षमता खालावते आणि काही आठवड्यांत सावरते. चाचणीचा आकडा पूर्वपदावर आला, की ‘स्मृती परत आली’ असा शेरा पडे. जुने काय गेले, याची विचारणा त्या चाचणीत नव्हतीच.

१४/
दरम्यान एका ठिकाणी विस्मरण हेच उद्दिष्ट बनले. माँट्रियलच्या ॲलन मेमोरियल संस्थेत इवेन कॅमेरॉन हे तेव्हाचे अत्यंत प्रतिष्ठित मनोविकारतज्ज्ञ रुग्णांच्या मनाची जुनी घडण पुसून नवी घडवू पाहत होते. त्यासाठी दिवसातून अनेक झटके आणि औषधांनी आणलेली प्रदीर्घ झोप यांचा मारा केला जाई. १९५७ पासून काही वर्षे या कामाला अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएचा पैसा छुप्या मार्गाने मिळत होता. १९८८ मध्ये सीआयएने वेल्मा ऑर्लिकाऊ आणि इतर मिळून ९ तक्रारदारांना साडेसात लाख डॉलर देऊन खटला मिटवला. १९९२ मध्ये कॅनडा सरकारने ७७ जणांना प्रत्येकी १ लाख डॉलर देऊ केले. नैराश्यासाठी नेहमीच्या रुग्णालयांत मिळणारा उपचार आणि हे क्रौर्य एक नव्हे, पण लोकांच्या मनात दोन्ही मिसळून गेले.

१५/
या मिसळणीला साहित्य-चित्रपटांनी हातभार लावला. १९६१ च्या जुलैत अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी आत्महत्या केली. त्याआधी त्यांनी हेच उपचार घेतले होते आणि लेखकाची पुंजी असलेली स्मृती गेल्याची खंत त्यांनी बोलून दाखवल्याचे त्यांच्या मित्राने लिहिले. १९६२ मधील केन कीसी यांची कादंबरी आणि तिच्यावरचा १९७५ चा चित्रपट, ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’, यांत झटका ही शिक्षा आहे. आपल्याकडे १९६७ च्या ‘ज्वेल थीफ’मध्ये खलनायक नायकाची ओळख पुसण्यासाठी वीज वापरतो. विस्मरणाची भीती पडद्यावर इतकी भडक झाली, की खऱ्या रुग्णाची शांतपणे सांगितलेली तक्रारही चित्रपटाचा परिणाम म्हणून झटकून टाकणे सोपे झाले.

१६/
तरीही प्रयोगशाळांत एक महत्त्वाची उकल होत होती. गुण कशाने येतो आणि स्मृती कशाने जाते, ही दोन कारणे वेगळी आहेत का? १९६० मध्ये स्वीडनच्या यान-ओट्टो ओट्टोसन यांनी हा प्रश्न प्रयोगाने तपासला. लिडोकेन देऊन आकडी लहान केली, तर नैराश्यावरचा गुण घटला. आकडीला लागते त्याहून जास्त वीज दिली, तर गुण वाढला नाही, विस्मरण मात्र वाढले. याचा अर्थ असा, की आकडी हा उपचार आहे आणि विस्मरणाचा मोठा वाटा अनावश्यक विजेचा आहे. मायरसन यांच्या पिढीचा विस्मरणालाच औषध मानणारा समज येथे ढासळला.

१७/
यातून दोन सुधारणांना बळ मिळाले. पहिली, विद्युतस्पर्शक दोन्ही कानशिलांवर न ठेवता डोक्याच्या उजव्या बाजूलाच ठेवणे, म्हणजे बहुतेकांच्या मेंदूत भाषा सांभाळणाऱ्या डाव्या भागातून प्रवाह कमी जातो. १९५८ पासून याचे पद्धतशीर अभ्यास येऊ लागले. दुसरी, प्रवाहाचा आकार. भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी वीज लाटेसारखी सावकाश चढते-उतरते आणि चेतापेशी चेतवण्यासाठी लागते त्याहून पुष्कळ अधिक ऊर्जा डोक्यात सोडते. तिच्याऐवजी एक-दोन सहस्रांश सेकंदांची तुटक स्पंदने दिली, तर थोड्या विजेत आकडी येते. दोन्ही गोष्टी माहीत असूनही अनेक रुग्णालयांत जुनी यंत्रे आणि जुनी मांडणी दशकानुदशके चालू राहिली.

१८/
१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील लॅरी स्क्वायर यांनी जुन्या आठवणी मोजण्याची एक युक्ती काढली. एकच हंगाम चालून बंद पडलेल्या दूरचित्रवाणी मालिकांची नावे त्यांनी जमवली. कोणती मालिका कोणत्या वर्षीची, हे नक्की ठाऊक असल्याने आठवणीचे वय ठरवता येई. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार झटक्यांनंतर लगतच्या वर्षांतील मालिकांची नावे पुसट होत, फार जुनी टिकून राहत. नवी आठवण मेंदूत पक्की होण्यास वर्षेही लागतात, या सिद्धान्ताला त्यामुळे पुष्टी मिळाली. रुग्णांच्या दृष्टीने त्यातला अर्थ असा होता, की हानी आजाराच्या आसपासच्या काळावर अधिक पडते. १९८३ मधील त्यांच्या पाठपुराव्यात ३ वर्षांनंतरही, दोन्ही बाजूंनी झटके घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना आपली स्मृती पूर्वीसारखी वाटत नव्हती.

१९/
आता पुन्हा मॅरिलिन राइस यांच्याकडे. भरपाईचा दावा त्या हरल्या. १९८४ मध्ये त्यांनी या उपचारातून गेलेल्या लोकांची एक संघटना स्थापन केली. ‘मनोविकारशास्त्रात सत्यासाठी समिती’ असा तिच्या नावाचा अर्थ. उपचारावर बंदी ही तिची मागणी नव्हती. कायमच्या विस्मरणाची शक्यता संमतिपत्रात स्पष्ट लिहावी, एवढेच मागणे होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७९ मध्ये ही यंत्रे सर्वाधिक जोखमीच्या तिसऱ्या वर्गात टाकली होती. ती खालच्या वर्गात आणू नयेत म्हणून राइस पत्रव्यवहार करत राहिल्या. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर हा प्रश्न लोंबकळतच होता.

२०/
त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये हॅरॉल्ड सॅकाइम आणि त्यांचे सहकारी ओट्टोसन यांच्या प्रश्नाला नवी कलाटणी देत होते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९६ रुग्णांच्या चाचणीत उजव्या बाजूला, जेमतेम आकडी येईल इतकीच वीज दिली, तेव्हा १७ टक्के रुग्णांनाच गुण आला. दोन्ही बाजूंनी तेवढीच वीज दिली, तेव्हा हे प्रमाण ६५ टक्के होते. केवळ आकडी पुरेशी नाही, जागा आणि मात्राही महत्त्वाची, असे ठरले. पुढील अभ्यासांत उजव्या बाजूची मात्रा आकडीच्या किमान पातळीच्या अनेक पट केली, तेव्हा गुण दोन्ही बाजूंच्या झटक्यांइतका आला आणि विस्मरण कमी राहिले. गुण आणि हानी यांची गाठ पुष्कळ सैल करता येते, हे सिद्ध झाले.

२१/
याच गटाने १९९० च्या दशकात कोलंबिया विद्यापीठात एक मुलाखत-चाचणी तयार केली. उपचारापूर्वी रुग्णाला त्याच्या कुटुंबाविषयी, प्रवासांविषयी, गेल्या वाढदिवसाविषयी विचारायचे आणि उपचारानंतर तेच पुन्हा विचारायचे. जेनिस यांची रीत चार दशकांनी परत आली होती. २००७ मध्ये न्यूयॉर्क परिसरातील ७ रुग्णालयांतील ३४७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही बाजूंनी जितके अधिक झटके, तितके स्वतःच्या आयुष्याचे विस्मरण ६ महिन्यांनंतरही अधिक, असे त्यात आढळले. लाटेसारख्या जुन्या प्रवाहाचे परिणामही वाईट होते. या उपचाराच्या खंद्या पुरस्कर्त्यांच्या हातून हा निष्कर्ष आला, हे त्याचे वजन.

२२/
इंग्लंडमध्ये याच्या आधीच, २००३ मध्ये, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डायना रोझ आणि सहकाऱ्यांचा आढावा आला होता. या गटात स्वतः मानसिक आजाराचे उपचार घेतलेले संशोधक होते. त्यांनी ३५ अभ्यास पाहिले. त्यांपैकी २६ डॉक्टरांनी केलेले होते, ९ रुग्णांनी किंवा त्यांच्या सहभागाने. डॉक्टरांनी, उपचारानंतर लगेच, थोडक्यात विचारले, की रुग्ण समाधानी दिसत. रुग्णांनी रुग्णांना सवडीने विचारले, की समाधान बरेच कमी दिसे. सतत टिकणारे विस्मरण किमान एक-तृतीयांश लोकांनी सांगितले होते. विचारणारा कोण, यावर उत्तर बदलते, हे येथे आकड्यांत उतरले.

२३/
या कथेची दुसरी बाजू वगळली, तर हिशेब खोटा ठरेल. तीव्र नैराश्य स्वतःच एकाग्रता आणि स्मृती पोखरते. २०१० मध्ये मारिया सेमकोव्स्का आणि डेक्लन मॅक्लॉफलिन यांनी ८४ अभ्यास एकत्र केले, तेव्हा नवे शिकण्यातील घट मुख्यत्वे पहिल्या ३ दिवसांपुरती आढळली. १५ दिवसांनंतर कित्येक क्षमता उपचारापूर्वीपेक्षाही सुधारलेल्या होत्या, कारण नैराश्य हटले होते. मॅसेच्युसेट्सच्या माजी गव्हर्नरांच्या पत्नी किटी डुकाकिस यांनी २००६ च्या पुस्तकात आठवणी गेल्याचे मान्य केले आणि तरीही या उपचाराने आपल्याला आयुष्य परत दिले, असे सांगितले. राइस आणि डुकाकिस दोघीही आपापल्या जागी खऱ्या असू शकतात.

२४/
आठवणींना धक्का न लावता मेंदू चेतवता येईल का, या शोधातून पुढची साधने आली. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी चुंबकीय स्पंदनांनी, कवटीला न दुखवता, मेंदूचा पृष्ठभाग चेतवून दाखवला. १९९० च्या दशकात ही पद्धत नैराश्यावर वापरून पाहिली गेली आणि २००८ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. तिच्यात आकडी नाही, भूल नाही, आणि स्मृतीवरचा परिणाम नगण्य. अतितीव्र नैराश्यात मात्र ती झटक्यांची जागा घेऊ शकलेली नाही. २००५ मध्ये टोरांटोत हेलन मेबर्ग यांच्या गटाने ६ रुग्णांच्या मेंदूत खोलवर तारा बसवून सतत सूक्ष्म वीज दिली. त्यांपैकी चौघांना गुण आला. पुढच्या मोठ्या चाचण्यांत तसे यश मिळाले नाही.

२५/
भारतात वाद प्रदीर्घ काळ हाडांपाशीच अडला होता. भूलतज्ज्ञ आणि पैसा यांच्या टंचाईमुळे भूल न देता झटके देण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी टिकून होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, भूल आणि स्नायुशिथिलक यांविना हा उपचार देण्यास कलम ९५ नुसार मनाई केली. अल्पवयीन मुलांसाठी पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी बंधनकारक झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेने ठरावीक गंभीर आजारांसाठी ही यंत्रे दुसऱ्या, कमी जोखमीच्या वर्गात आणली. राइस यांची समिती ज्याविरुद्ध लढली होती, ते अखेर घडले. मात्र त्याबरोबर दीर्घकालीन सुरक्षिततेविषयी इशारा देणे आणि रुग्णाची बौद्धिक क्षमता उपचारापूर्वी व नंतर तपासणे, यांवरही भर आला.

२६/
कलम ९५ हाडांचे रक्षण करते. स्मृतीचा शब्द त्यात नाही. ती जबाबदारी अजून संमतिपत्रावर आणि डॉक्टरांच्या विवेकावर आहे. बोलम कसोटीचेही तसेच. ब्रिटनमध्ये संमतीच्या बाबतीत ती २०१५ च्या माँटगोमेरी निकालाने बाजूला झाली. धोका सांगण्याजोगा आहे का, हे आता तेथे रुग्णाच्या दृष्टीतून ठरते. अर्थतज्ज्ञाला आपले ज्ञान, आईला मुलाच्या पहिल्या वर्षाच्या आठवणी, तर मरणाच्या दारात असलेल्या माणसाला कदाचित केवळ उद्याचा दिवस महत्त्वाचा वाटेल. तो निवाडा दुसऱ्याने करण्याजोगा नाही, पण त्यासाठी खरी माहिती हातात असावी लागते.

२७/
ती मिळवण्याची रीत १९५० पासून ठाऊक आहे, आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. उपचारापूर्वी माणसासमोर वही घेऊन बसायचे, त्याला त्याचे आयुष्य विचारायचे आणि लिहून ठेवायचे. तो बरा होऊन परत आला, की तीच वही उघडून पुन्हा विचारायचे. जेनिस यांच्या १९ रुग्णांना हे प्रश्न विचारले गेले होते. मॅरिलिन राइस यांच्याजवळ अशी वही असती, तर निदान काय हरवले, हे तरी त्यांना दाखवता आले असते.